न वाचता टिक केलेली चौकट

डेल्फीन,

आपल्या घरच्या बाटली मसाल्याच्या पाकिटांवर ममाचा फोटो छापून तू तो मसाला विकायला लागलीस, याचा मला राग आला. तुझ्या घरी येऊन भांडायचं सोडून मी ऑनलाइन कायदेशीर नोटीस धाडली. वेबसाइटवर तयार फॉर्म होता. 'समोरच्या व्यक्तीशी नातं' यात बहीण नव्हतीच, मी 'इतर' निवडलं. खालच्या चौकटींवर न वाचताच टिक करत गेले. त्यातली एक होती, 'यापुढे समोर येऊ नये, संपर्क करू नये.' ते मला कळलं तू यायची बंद झाल्यावर.

ममा माझ्याकडे असायची, मरोळला. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की विचारायची, "डेल्फीन नाय आली गं?" मी म्हणायचे, काम असेल तिला. आणि तूच आधी फोन करशील म्हणून थांबायचे. तुला मनाई मीच केली होती, तरी.

शनिवारी ममाला पुरलं. तू सिमेट्रीच्या गेटबाहेर फुलं घेऊन उभी होतीस. माझा एल्टन मावशीला आत बोलवायला आला, तर तू म्हणालीस, "मॉनिकानं लिहून दिलंय ना."

मला ऐकू आलं. मी वळले नाही. पेटीवर दोन मुठी माती टाकली. दुसरी तुझी होती गं.

तुझी मोठी,
मॉनिका