डावा हात तुझ्याकडे होता

२८ जानेवारी

लंबू,

पत्राच्या सुरुवातीला 'तू बरी असशील' असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. 'आम्ही इकडे मजेत आहोत' असंही लिहिणार नाही, कारण मी मजेत नाहीये, मी भडकलेय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद पुढे ओढलाय. माझं अक्षर तुला माहीत आहेच. भोग आता.

तुझ्या लेकीचा निरोप मिळाला. 'आई म्हणते, गिटार विकून टाका.' वा गं वा! हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत अर्धं आयुष्य एका चादरीची दोन टोकं धरून आपण समोरासमोर उभ्या राहिलो, आणि शेवटी निरोप काय, तर गिटार विकून टाका. तोही लेकीच्या तोंडून. तुझं तोंड तर शाबूत आहे ना? मग त्याने बोल की!

आणि हे खूळ मुळात कुणाचं? माझं? मी बापडी जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन पाय पसरून बसायचे. तूच म्हणालीस, "बुटके, जन्मभर मशीनची घरघर ऐकली, आता आपण काहीतरी वाजवू." तूच मला हाताला धरून दुकानात नेलंस. मी दुकानदाराला विचारलं, सहा तारा कशाला, दोन तारांची नाही का मिळत? तर तू मला असं कोपराने ढोसलंस की दोन दिवस बरगडी दुखत होती. निम्मी तुझी, निम्मी माझी असं ठरवून घेतली. आणि रस्त्यातून आणलीही तशीच, तू एका बाजूने धरून, मी दुसऱ्या बाजूने, जसं काही पेशंटचं स्ट्रेचर. लोक बघत होते.

क्लासचा पहिला दिवस आठवतो? सायकलच्या दुकानावरची ती खोली, हलणारं बाक आणि तुझ्या लेकीच्या वयाचा मास्तर. तो म्हणाला, डाव्या हाताने दांड्यावरच्या तारा दाबायच्या, उजव्याने त्या छेडायच्या, सोप्पं आहे. डोंबलाचं सोप्पं! डाव्याकडे बघावं तर उजवा थांबतो, उजव्याला हाकावं तर डाव्याची बोटं घसरतात. तुझंही तेच, माझंही तेच. तेव्हा त्या संध्याकाळी तुझ्या पलंगावर आपण तो शहाणपणा केला. गिटार आडवी दोघींच्या मांडीवर. तू दांड्याच्या बाजूला बसून डाव्या हाताने तारा दाबायचीस, मी पोटाच्या बाजूला बसून उजव्याने छेडायचे. कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटांची ती मांडणी, धरून झाली की तू म्हणायचीस, "घे." चादरीचे कोपरे जुळवून माझ्या हातात देताना म्हणतेस ना, अगदी तस्संच. तू म्हणालीस "घे" की मी हात मारायचे. आणि वाजायचं की गं! काय हसलो होतो त्या दिवशी.

मास्तरला कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "मावशी, हे मी शिकवत नाही. उद्या एकटीला वाजवायची वेळ आली तर काय कराल?" तू त्याला ऐटीत म्हणालीस, "एकटीला कशाला वाजवायचंय?"

हो ना? कशाला वाजवायचंय? मग हे काय केलंस?

काल मी एकटी क्लासला गेले. मास्तर म्हणाला, जी कॉर्ड धरा. मी कुठून धरणार? धरायचं काम तुझं होतं! नुसत्या मोकळ्या तारा खालीवर खाजवत बसले. खालच्या दुकानातला सायकलवाला जिन्यात येऊन वर डोकावला, काही बिघडलंय का म्हणून. मी त्याच्यावर खेकसले. तो बिचारा गेला निघून.

गिटार विकणार नाही. माझी निम्मी मी विकत नाही आणि तुझी निम्मी कापून वेगळी करता येत नाही. फोन उचल.

तुझ्यावर कमालीची चिडलेली,
बुटकी


१६ मार्च

लंबू,

फोन उचलला नाहीस. उत्तरही नाही. तुझी लेक सांगते की पत्र वाचलंस, दोनदा वाचलंस आणि उशीखाली ठेवलंस. उशीखाली ठेवायला मी पाठवते का पत्र?

इकडची खबर अशी की तुझ्या जागेवर नवी बाई आली आहे. कामाला वाईट नाही, पण तिला टोक कधी सोडायचं ते कळत नाही. आपण दोघी किती बोलायचो, तरी चादर कधी वाकडी गेली नाही. तू उंच, मी ठेंगणी, तरीही. हिच्याबरोबर सगळं सरळ असून घडी तिरकी येते. काल मी तिला बोल बोल बोलले. मग तिचा चेहरा पाहून माझ्या डब्यातलं निम्मं तिला दिलं. तरी घडी तिरकीच.

आता दुसरी खबर. मी डावा हात शिकतेय.

हसू नकोस. मला वाटलं होतं, जन्मभर ड्रायरमधल्या तापलेल्या चादरी उचलून बोटं राठ झालीत, तारेची काय बिशाद! पण तारा बरोबर तिथेच रुततात जिथे चटके कधी बसले नव्हते, अगदी बोटांच्या टोकांवर. नखं कापली तर मास्तर म्हणे अजून कापा. कापली, तर भांडी घासताना साबण झोंबतो. दाबलं की भर्रर्र वाजतं, जोरात दाबलं की शेजारची तार मुकी होते. तुझं हे सगळं होत असताना तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस! मी आपली आरामात हात मारत होते आणि वर तुलाच म्हणायचे, "आटप गं, किती वेळ लावतेस." तू म्हणायचीस, "थांब, अनामिका पोचत नाहीये." ती कुठे पोचत नव्हती ते आता कळलं. माझी तर कुठेच पोचत नाही.

आमचे हे म्हणाले, या वयात कशाला बोटांची सालं काढतेस? मी त्यांनाच धरून बसवलं. म्हटलं, मी कॉर्ड धरते, तुम्ही हात मारा. त्यांनी असा हात मारला की गादी झोडपताहेत. त्यांना उठवलं.

आता तुझ्या लेकीच्या कालच्या फोनकडे येते. तिने सांगितलं की तू म्हणालीस, "बुटकीला सांग, एका हाताच्या बाईशी तिचं आता काय काम?"

लंबू, मी मागच्या पत्रात तो विषय काढला नाही. या पत्रातही काढणार नव्हते. तूच काढलास, तर ऐक आता. झटका. घे, लिहिला शब्द. त्या दिवशी टेबलापाशी तुझ्या हातातलं टोक खाली पडलं आणि मी ओरडले, "लंबू, लक्ष कुठंय?" मला वाटलं चेष्टा करतेस. तू टोक उचलायला वाकलीस आणि तुझा डावा हात तुझं ऐकेना. तू त्याच्याकडे बघत राहिलीस, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी. मग तू पडलीस, आपण धुतलेल्या चादरींवरच पडलीस. हॉस्पिटलच्या तळघरात पडलीस म्हणून डॉक्टर लगेच आला, असं सगळे म्हणतात. नशीब म्हणतात. मला नशिबाचा एवढा राग कधी आला नव्हता.

वॉर्डात मी रोज येत होते. तू भिंतीकडे तोंड करून झोपायचीस, झोपेचं सोंग घेऊन. माझ्यापुढे सोंग? तुझं घोरणं मला माहीत आहे. आणि मग एका सकाळी मी वर आले तर पलंग मोकळा. तुझी चादर धुवायला खाली पाठवली होती. मलाच घडी घालायला आली. लेकीबरोबर दुसऱ्या गावी निघून गेलीस, आणि माझ्या हाती राहिला तो चादरीवरचा वॉर्डचा शिक्का. इतकं सुद्धा सांगावंसं वाटलं नाही?

झटका तुला आला, मान्य. पण म्हणून मला टाकून द्यायचा हक्क तुला कुणी दिला?

उत्तर दे. शिव्या घालायच्या तर घाल, पण दे. लिहायचा हात तुझा चांगला आहे.

बुटकी


२ जून

लंबू,

आज मी ओरडणार नाही असं ठरवून बसलेय. बघू किती वेळ टिकतं.

मला गिटार वाजवता येते. मोठं काही नाही, ते आपलं साधंच गाणं, मशीन बंद झाल्यावर आपण गुणगुणायचो ते. पण जी, मग सी, मग डी, मग परत जी, कुठे न अडखळता. डावा हात शिकला आणि उजवा होताच. परवा मास्तरने सायकलवाल्यालाही वर बोलावलं आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाला, "मावशी, आता तुम्हाला कुणाची गरज नाही."

मी घरी आले. यांना वाजवून दाखवलं. हे खूश झाले. भला माणूस, काय बोलावं कळत नाही. म्हणाले, "बरं झालं, आता लंबूबाई नसल्या तरी तुझं अडणार नाही."

मी गिटार भिंतीला टेकवली आणि ताट असं आपटलं की शेजारीण विचारायला आली. अडणार नाही? माझं सगळं अडलंय! बोटांची सालं मी यासाठी काढली का? वाजवता वाजवता प्रत्येक कॉर्डच्या आधी मी थांबते. 'घे' म्हणायला कुणी नाही म्हणून थांबते. मास्तर म्हणतो ताल तुटतोय. तुटणारच!

टिकलं नाही बघ, ओरडलेच.

आता एक सांगते, ते वाच आणि मग हवं तर पत्र फाड. मी आले होते तुझ्याकडे. मागच्या रविवारी. लेकीकडून घराची खूण विचारून घेतली, तिला दम दिला की आईला सांगायचं नाही. बसने आले, घर शोधलं, समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. तू वरच्या गॅलरीत होतीस. दोरीवरून टॉवेल काढत होतीस. एक टोक दातात धरलंस, हनुवटी खाली दाबलीस आणि उजव्या हाताने घडी घालायला लागलीस. टॉवेल सुटला. पुन्हा दातात धरलास. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा जमलं. वाकडी घडी, पण घातलीस. आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तू इकडेतिकडे बघितलंस, तेव्हा मी खांबाआड झाले.

वर यायला हवं होतं. मी खांबाआडच राहिले. तू, जिने चादरीला कधी सुरकुती राहू दिली नाही, तू दातात टॉवेल धरून उभी होतीस आणि दुसरं टोक धरणारी मी खाली होते, रस्त्यात. परतीच्या बसमध्ये मी इतकी रडले की शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. मला तुझा राग आला. लेकीचा आला. त्या खांबाचासुद्धा आला. सगळ्यात जास्त माझा आला, कारण लॉन्ड्रीत मी एवढी तोंडाळ आणि तिथे माझ्याच्याने घंटी वाजवली गेली नाही.

पण बसमध्ये बसल्या बसल्या मला एक गोष्ट उमगली, आणि माझ्याच डोक्यात दोन टपल्या मारून घ्याव्याशा वाटल्या. एवढे महिने मी काय करत होते? तुझं काम शिकत होते. आणि तुला काय वाटलं? की तुझं काम गेलं, म्हणजे तू गेलीस. अगं मठ्ठ, आपल्याकडे दोन कामं होती! तुझा डावा गेला असेल. उजवा माझ्या डोळ्यांदेखत टॉवेलाची घडी घालत होता.

तेव्हा आता नीट ऐक. विचारत नाहीये, सांगतेय. शनिवारी सकाळच्या बसने मी गिटार घेऊन येते. या वेळी खांबाआड नाही, थेट वर. तू दार उघडायचंस. भिंतीकडे तोंड करून झोपलीस तर पलंगासकट वळवीन, चादर ओढून माणूस कसा वळवायचा ते तू आणि मी वॉर्डातल्या आयांकडून शिकलोय. तुला दारात उभं राहून मला शिव्या घालायच्या असतील तर आधी त्या घालून घे, मी ऐकून घेईन.

मग पलंगावर बसायचं. जागा बदलायची. या वेळी पोटाची बाजू तुझी, दांड्याची माझी. हात कसा मारायचा ते मी शिकवीन. चुकलीस तर ओरडेन, तेवढी सवय तुला आहे. मी उजवा हात पाठीमागे ठेवणार आहे. माझ्या डाव्या हाताची बोटं आता दगड झालीत, सगळ्या कॉर्ड नीट धरतात. एफ सोडून. ती अजून भर्रर्र वाजते, तेव्हा तू हसायचंस.

मी कॉर्ड धरीन. बोटं बसली की सांगीन.

घे.

तुझी,
डाव्या बाजूची बुटकी