सर, पाहणी कधी संपली होती?

सर,

आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. मग 'आदरणीय' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं 'सर' ठेवलं. तेवढं तुमचं कोणी काढून घेऊ शकत नाही, मीसुद्धा नाही.

काल दुपारी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात वंदनाचा फोन आला. वंदना आठवते ना? बारावीला पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसायची ती. म्हणाली, "सर गेले गं. सोमवारी शोकसभा ठेवलीय. धुळ्याहून सकाळच्या गाडीनं ये आणि पाच मिनिटं बोल. तू त्यांची आवडती ना!"

मी हो म्हणून बसले. घरी येऊन भाषण लिहायला घेतलं. 'सरांनी आम्हाला समाजाकडे बघायची दृष्टी दिली' इथपर्यंत आले आणि हात थांबला. वाक्य खोटं होतं म्हणून नाही, खरं होतं म्हणून! त्याच दृष्टीनं मला तुम्हीही दिसलात, त्याला मी काय करू?

म्हणून भाषण बाजूला ठेवलं आणि हे पत्र लिहिते आहे. तुम्ही असताना लिहायला हवं होतं, हे मला कळतं. पण तुम्ही असताना तुमच्याशी असं बोलायची कोणाची टाप होती?

तेव्हा आर्ट्सला समाजशास्त्र म्हणजे काय किंमत होती! सायन्सची मुलं हसायची. लग्न ठरेपर्यंत पोरींनी घ्यायचा विषय, गाईड पाठ केलं की पास, असं सगळे म्हणायचे. तुम्ही पहिल्याच दिवशी वर्गातली सगळी गाईडं गोळा करून टेबलाच्या खणात कोंबलीत. "हा विषय पुस्तकात नाही, तुमच्या गल्लीत आहे," म्हणालात. मला वाटलं, चला, गल्लीबद्दल तर मला पुष्कळ ठाऊक आहे!

उपकारही विसरले नाही मी. अकरावी झाल्यावर आबा माझं लग्न उरकायला निघाले होते, तेव्हा तुम्ही आमच्या गावच्या फाट्यावर येऊन त्यांना समजावलंत. पाऊण तास उन्हात उभे होतात. पुढे आत गावात मात्र आला नाहीत. तेव्हा वाटलं, गाडीची वेळ झाली असेल.

मग बारावीला तो स्तरीकरणाचा धडा आला. अभ्यासक्रमात पाहणी नव्हतीच, ती तुमची हौस. प्रश्नावली करायची, एका गावात जायचं, घरोघर विचारायचं. गाव कोणतं? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "सुनंदाचं गाव घेऊ. गिरणेकाठी आहे, एस.टी. जाते, आणि आपलीच मुलगी तिथली आहे." 'आपलीच' या शब्दानं मी किती फुगले, सर! गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतल्या आमच्या घरी अख्खा वर्ग येणार होता.

आदल्या दिवशी तुम्ही नियम सांगितलात. पाहणी करणाऱ्यानं तटस्थ राहायचं. उत्तर देणाऱ्याच्या घरी काही खायचं नाही, प्यायचं नाही. घेतलं की मिंधेपण येतं आणि निष्कर्ष बिघडतात. पाणीसुद्धा ज्यानं त्यानं आपलं आणायचं. मी तो नियम वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या.

घरी जाऊन मायलाही सांगितलं. ती हसली. "दारमा येल माणूस तसाच जाई का व?"

आणि ती तयारीला लागली. ओटा सारवला, चूल पोतारली. आमच्या घरी कप चारच, म्हणून वस्तीतून मागून आणले. कोणाचे फुलाफुलांचे, कोणाचे कानतुटके. दूधही जास्तीचं सांगून ठेवलं. आलं ठेचताना ती गुणगुणत होती.

तुम्ही आलात. वीस-पंचवीस पोरं-पोरी हातात कागद घेऊन आमच्या अंगणात उभी राहिली. माय डोक्यावर पदर घेऊन सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती. घरात माणसं किती, कमवती किती, पाणी कुठून आणता. मी कडेला उभी होते. मी विचारणाऱ्यांतली की उत्तर देणाऱ्यांतली, हे तुम्हीही सांगितलं नव्हतं.

मग मायनं कपांचं ताट पुढं केलं. "बठा भाऊ, चहा ल्या."

तुम्ही हात जोडलेत. "नको ताई, आमचा नियम आहे." तुमच्यामागं सगळ्यांनी माना हलवल्या. तुम्हाला खरं सांगू? त्या क्षणी मला अभिमान वाटला. माझा वर्ग किती शिस्तीचा! मायचं तोंड पडलं होतं, तर मला तिचाच राग आला. आधी सांगितलं होतं ना, असं म्हणाले मी तिला.

तिथून आपण गावात गेलो, माजी सरपंचांच्या घरी. 'प्रभावी गट' म्हणून त्यांचीही मुलाखत घ्यायची होती. पडवीत सतरंज्या घातलेल्या. आत गेल्या गेल्या चहा आला, शेव-मुरमुरे आले. मी तुमच्याकडे बघत होते, आता हात जोडाल म्हणून. तुम्ही कप उचललात! वर म्हणालात, "घ्या रे, उन्हात दमलात सगळे."

माझ्यासमोर कप आला तेव्हा मी म्हटलं, "सर, तटस्थ राहायचंय ना?"

तुम्ही हसलात. "अगं, पाहणी संपली आता!"

आणि चहा पिऊन झाल्यावर, कप खाली ठेवून, तुम्ही खिशातून प्रश्नावली काढलीत आणि सरपंचांना पहिला प्रश्न विचारलात. जमीन किती एकर?

मग पाहणी नेमकी कधी संपली होती, सर? आणि पुन्हा कधी सुरू झाली?

संध्याकाळी घरी गेले तर माय कप धूत होती. एकाही कपाला कोणाचा ओठ लागला नव्हता, आणि ती एकेक कप राखेनं घासून धूत होती. मग ज्याचे त्याला नेऊन दिले. शेजारची विचारत होती, तिला माय सांगताना मी ऐकलं, "बठ्ठासनी पिधा. सरनी तं दोनदा लिधा." सगळ्यांनी प्यायला म्हणे, आणि तुम्ही तर दोनदा घेतलात!

आत आल्यावर मला एवढंच म्हणाली, "तुन्हा सरले चहा आवडत नही का व?"

बाहेर पातेलंभर चहा तसाच होता. आबा कामावरून आले आणि तोच तापवून प्यायले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर 'मागास कुटुंबाची लक्षणे' असं लिहिलंत आणि म्हणालात, "आपल्या सुनंदाचंच घर घ्या." एका मुलानं उभं राहून वाचून दाखवलं. भिंती मातीच्या. स्वच्छता बरी. बरी! मायनं दोन दिवस घालवले होते त्या 'बरी'साठी. सरपंचांच्या घराची लक्षणं कोणी वाचली नाहीत. तिथल्या पाहुणचाराची मात्र आठवण निघाली.

मी तुमच्या बाजूनंही पुष्कळ विचार केलाय. तुमच्या मनात विटाळ नसेलही. पुढे धुळ्याच्या स्टँडवर भेटलात, तेव्हा कँटीनमध्ये माझ्या हातचा कप सहज घेतलात की! तुमच्यासोबतच्या प्राध्यापकांना म्हणालात, "ही माझी विद्यार्थिनी, आता समाजशास्त्रच शिकवते. हिच्या घरापर्यंत गेलो होतो मी." घरापर्यंत! किती खरं बोललात.

मग तो नियम कशासाठी होता? वर्गातली काही पोरं आमच्या घरचा कप हातात धरणार नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून? तो ओशाळवाणा प्रसंग नको, म्हणून आधीच शास्त्राचा पडदा टाकलात? तसं असेल तर मला जास्त राग येतो. वर्षभरात विषय शिकवायचा तोच एक दिवस होता, सर. कोण कप घेतो, कोण मागं सरतो, ते सगळ्यांना दिसलं असतं. तुम्ही स्वतः पहिला घोट घेतला असता तर निम्म्यांनी तरी घेतला असता. तुमच्यावर तेवढा जीव होता त्यांचा. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी विसरलेही असते. तुम्ही केलंत, हे विसरता येत नाही.

माय आता माझ्याकडे असते. काल तुमची बातमी सांगितली, तर निवडायला घेतलेले तांदूळ तिनं बाजूला ठेवले. म्हणाली, "भला माणूस व्हता. आपला घर उना व्हता." तुम्ही घरी आला होतात, हे तिच्या अजून लक्षात आहे.

सरपंचांच्या पडवीतला चहा तिला ठाऊक नसेल? गावात अशी गोष्ट लपते का? त्याच संध्याकाळी तिच्या कानावर गेली असणार. तिनं मला कधी विचारलं नाही, मी तिला कधी सांगितलं नाही.

सोमवारी मी सभेला येणार नाही. वंदनाला तसं कळवते. सोमवारी माझ्या वर्गात पाहणीचा धडा आहे. मुलांना मी एका शिक्षकाची गोष्ट सांगणार आहे. त्यांचं नाव सांगणार नाही, गावाचं नाही, कॉलेजचंही नाही. तुम्ही माझं नाव घेतलं होतंत, तरीही. मग मुलांना घेऊन पाहणीला जाईन, तेव्हा ज्या दारात जाऊ तिथला चहा आधी मी घेईन आणि कोण कोण घेतं ते बघेन.

मायनं त्या दिवशी कप धुऊन स्वतःची अब्रू राखली, आणि तुमचीही. सर, मी ते कप धुणार नाही. एवढं वचन देते.

तुम्ही शिकवलेली,
सुनंदा