तपासले, योग्य आहे

दिवा,
२४ जुलै २०२५

ती. सरोजआत्यास,
मृणालचा स. जयभीम. वि. वि.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. शाळेतल्या नव्या कृतिपुस्तिका कोणा तज्ज्ञाने तपासल्या, असं मी लिहिलं होतं. तो तज्ज्ञ मीच. पहिल्या पानावर ‘तपासले, योग्य आहे’ याखाली माझी सही छापली आहे. मुख्याध्यापक जयेश सरांनी मधल्या सुट्टीत सहा पानं दाखवली, घंटा झाली, मी सही केली. तुला सांगायची लाज वाटली.

पुस्तिका नववीच्या गणिताची आणि रसायनाची एकत्र आहे. इंग्रजीवरून मराठी केली आहे, तीही यंत्राने. मराठी वाचणाऱ्या माणसाची सावलीसुद्धा तिच्यावर पडलेली नाही. गणितात उकलीऐवजी ‘समीकरणाचे द्रावण शोधा’. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे ‘अर्धा गुणिले आम्लारी गुणिले उंची’. रसायनात उलट, इंग्रजी ‘बेस’ तोच, पण आम्लाची अभिक्रिया ‘पाया’शी! वर्गातल्या ऐश्वर्याने विचारलं, मॅडम, त्रिकोणाला लिटमस लावायचा का.

पान ४१ मात्र हसण्यासारखं नाही. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करायला ‘आम्लात पाणी ओता’ असं छापलंय. संस्थेच्या चारही शाळांत हा प्रयोग ८ ऑगस्टला आहे. सरांना दाखवलं, तर म्हणाले, मुलं कुठे वाचतात हो, चित्रं बघतात. आणि तुम्हाला कायम करण्याचा प्रस्ताव पुढच्याच महिन्यात माझ्या टेबलावर येईल ना? माझ्या वर्गात मी ते पान खोडायला लावलं. पण बाकीच्यांपैकी दोन शाळांत विज्ञानाला शिक्षकच नाही. मराठीच्या बाई पुस्तिकेत बघून प्रयोग घेतात. काय करू?

लोभ कमी करू नकोस.
तुझी मृणाल

डोंबिवली,
२८ जुलै २०२५

चि. मृणालला आशीर्वाद.

तुझं पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवते आहे, लहानपणीसारखं. शुद्धलेखन ठीक. शेवटचं ‘काय करू?’ तेवढं खोडलंय. उत्तर येत असताना प्रश्न विचारू नये.

त्रिकोणात आम्लारी ओतणाऱ्या विद्वानांना माझा जयभीम सांग. आणि सरांना म्हणावं, चित्र तरी बरोबर आहे का ते बघा. तुझे आजोबा चौथी शिकलेले. इथल्या एमआयडीसीत वीस वर्षं आम्लाचे कॅन उचलले. तुला पाढे यायच्या आधी त्यांनी ओट्यापाशी शिकवलं होतं, आधी पाणी, मग थेंब थेंब आम्ल, नाहीतर उसळून तोंडावर येतं. तुम्ही एम.एस्सी., बी.एड. मॅडम, सहा पानांवर सही करून मोकळ्या झालात. शाब्बास!

नोकरीची भीती मला कळते गं, मीही तीस वर्षं केली आहे. पण त्या मराठीच्या बाईंना तुझ्याशिवाय कोण सांगणार? तुझे सर? रडणं आवर. टँकर आला नसेल तर कपडे इकडे धुवायला आण.

माया आहेच, वेगळी मागू नकोस.
आत्या

दिवा,
१ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
स. जयभीम.

चित्र बघितलं. त्यात एक मुलगी चष्म्याशिवाय, दात काढून, आम्लावर पाणी ओतते आहे. सर म्हणाले, पुढच्या वर्षी शुद्धिपत्र काढू. म्हणजे चटके यंदा आणि मलम पुढच्या जूनमध्ये.

मी एका पानाचं पत्र लिहिलं आहे. पुस्तिका पूर्ण न वाचता सही केली ही माझी चूक, ती सही मी मागे घेते, आणि पान ४१ प्रमाणे प्रयोग करू नये. आठ वेळा वाचलं. प्रस्ताव अडकेल, हे मला कळतं. आईला अजून सांगितलेलं नाही. ते काम तुझं.

चारही शाळांचे मुख्याध्यापक उद्या सकाळी आमच्या शाळेत सभेला जमतात. शिपायाकडे दिलं तर पत्र आधी सरांच्या खणात जाईल, म्हणून दारात उभी राहून एकेकाच्या हातात देणार आहे. हे तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल.

लोभ असू दे. शनिवारी, २ ऑगस्टला, सकाळी साडेसातला जरा जास्त.

मृणाल