महिला प्रतिनिधित्व अधिकारी, क्लूनमोर शाखा

९ जानेवारी, मंगळवार
आज पक्षाच्या शाखेच्या बैठकीत मला महिला प्रतिनिधित्व अधिकारी नेमलं. एकमताने. डब्लिनहून मुख्यालयाचं पत्र होतं की हे पद शक्यतो बाईला द्यावं. पण बैठकीला एकही बाई नव्हती. पबच्या वरच्या खोलीत, मंगळवारी साडेआठला, ही वेळ बायकांना जमत नाही असं दिसतं. पॅकी गिलहूली म्हणाला, "मास्तर, तू वाचतोस-बिचतोस. तूच घे."

पॅकी पंचवीस वर्षं कौन्सिलर आहे आणि जूनमध्ये निवृत्त होतोय. त्याच्या जागी ब्रोना हेशनलाच तिकीट मिळालं पाहिजे. संकल्प: मी हे करून दाखवणार.

स्वतःला विचारलं, पद मिरवायला घेतलं का? प्रामाणिक उत्तर: नाही. (थोडंसं.)

१२ जानेवारी, शुक्रवार
ब्रोनाला भेटलो. ती गुरांच्या डॉक्टरकडे काउंटरवर असते. आम्ही एका वर्गातले. अठरा वर्षं ती पक्षासाठी मतमोजणीला कठड्याशी उभी राहते. पेटी उलटी केली की मतपत्रिकेच्या नुसत्या घडीवरून, पेन्सिलीच्या दाबावरून कुठल्या घरचं मत ते सांगते. एवढी जाणकार बाई आजवर उमेदवार झाली नाही हे मला खुपतं. तिला तसं म्हणालो.

ती इंजेक्शनांचे खोके लावत होती. म्हणाली, "दोनदा विचारून झालंय माझं. पहिल्यांदा शिवॉन पोटात होती, म्हणून पुढच्या वेळी. दुसऱ्यांदा पॅकीची शेवटची खेप, म्हणून पुढच्या वेळी. ही तिसरी. चौथ्यांदा नाही विचारणार मी, कोलमन."

मी म्हणालो, या वेळी मी आहे. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. भारावली असावी.

१६ जानेवारी, मंगळवार
कामाला वेग. महिला सहभाग समिती स्थापन. सदस्य: मी, पॅकी, आणि एक जागा बाईसाठी राखीव (रिक्त). बैठकीची वेळ बदलायचा ठराव विषयपत्रिकेत होता, पण ज्यांना वेळ अडचणीची आहे त्यांच्यातलं कुणी मांडायला हजर नव्हतं. पुढे ढकलला. त्यांच्या वतीने मी बोलणं बरोबर दिसलं नसतं.

उमेदवार निवडीचे नियम सगळ्या सभासदांना ईमेल केले. गुप्त मतदान, बहुमत, समसमान मतं पडली तर दोन्ही नावं तिकिटावर, म्हणजे दोघंही उमेदवार. हे वाचायचे कष्ट शाखेत माझ्याशिवाय कुणी घेत नाही.

२४ जानेवारी, बुधवार
मोठी योजना: ब्रोना दफनविधींना दिसली पाहिजे. पॅकी पंचवीस वर्षं निवडून आला तो शोकाकुलांचे हात हातात घेऊन. रांगेत उभं राहायचं, "वाईट झालं हो" म्हणायचं. ब्रोनाही प्रत्येक दफनविधीला असते, पण गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरात, नंतरच्या चहासाठी सँडविच कापत. तिथे कोण बघतं?

आज म्हाताऱ्या टिमोनीबाईंचा दफनविधी. मी ब्रोनाला बजावून दारापाशी उभं केलं. काळा कोट, छान दिसत होती. दहा मिनिटांत चौदा हात हातात घेतले. मग आत चहाचा बंब थंड पडला. लोक गारठलेले. कुणीतरी बघायला हवं होतं, आणि तो बंब फक्त तिलाच समजतो. मीच तिला आत पाठवलं, दोनच मिनिटं म्हणून.

सँडविच उत्तम होती. पॅकीच्या शेजारी रिकाम्या जागेत त्याचा पुतण्या टिअर्नन उभा राहिला.

५ फेब्रुवारी, सोमवार, संत ब्रिजिडची सुट्टी
'राजकारणात बायका कमी का?' या विषयावर माझं व्याख्यान. पन्नास मिनिटं. हजर: ॲट्रॅक्टा आजी (वय ८१, हॉल गरम असतो म्हणून येतात), पॅकी, टिअर्नन. चर्चेला वेळ उरला नाही. ब्रोना खुर्च्या उचलायला आली.

टिअर्नन तिकीट मागतोय. एकोणतीस वर्षांचा, हर्लिंग संघाचा कप्तान, पक्षात तीन महिने. गुणी पोरगा. भाषण तपासून द्याल का सर, म्हणाला. माझाच विद्यार्थी, नाही कसं म्हणणार? अधिकारी या नात्याने महिला सहभागावर एक परिच्छेद घातला. भाषण फारच सुधारलं.

११ फेब्रुवारी, रविवार
शुक्रवारी ब्रोना घरी आली होती. सभेत तिचं नाव मी सुचवावं असं तिला वाटतं. हिशोब केलाय तिने: एकोणीस इकडे, एकोणीस तिकडे, "तू धरून". दोन रात्री विचार करून आज फोनवर कळवलं की महिला अधिकाऱ्यानेच बाईचं नाव सुचवलं तर पक्षपात दिसेल, आणि त्याने तिचंच नुकसान होईल. मी तटस्थ राहण्यात तिचं हित आहे. ती म्हणाली, बरं. समजूतदार आहे. ॲट्रॅक्टा आजी सुचवणार.

बायको एथ्ना भांडी पुसत होती. म्हणाली, "तुझं मन फार स्वच्छ आहे, कोलमन. काही लागतच नाही त्याला." क्वचितच कौतुक करते.

१८ फेब्रुवारी, रविवार
निवड सभा. अडतीस सभासद. टिअर्नन छान बोलला. महिला सहभागाच्या परिच्छेदाला टाळ्या पडल्या. मग ब्रोना. धरणाच्या वळणावरून जाणारी, आता बंद केलेली बस, आईला दवाखान्यात न्यायला लागणारे चार तास, रस्त्यांची नावं, घरांची नावं. कागद नाही हातात. इतकी चांगली बोलेल असं वाटलं नव्हतं.

चिठ्ठी हातात घेतली. पेन्सिल टेकवली. विचार केला: अधिकारी म्हणून मी दोघांचाही आहे. नियम पाळले जातायत की नाही हे बघणाराच खेळात उतरला तर कसं चालेल? कोरी टाकली.

टिअर्नन एकोणीस. ब्रोना अठरा. एक कोरी.

लोक टिअर्ननला खांद्यावर घेत होते. ब्रोना सवयीने टेबलापाशी उभी होती, पसरलेल्या चिठ्ठ्यांकडे बघत. मी म्हणालो, फार थोडक्यात गेलं गं, पुढच्या वेळी नक्की. तिने कोरी चिठ्ठी बोटाने माझ्याकडे सरकवली.

"सगळ्यांनी दोन घड्या घातल्यात," ती म्हणाली. "चार घड्या तू घालतोस. शाळेपासून."

आवाज चढवला नाही. कोट घालून गेली.

१९ फेब्रुवारी, सोमवार
झोप नाही. कसून आत्मपरीक्षण. माझ्या मताने ती जिंकली नसती, फक्त बरोबरी झाली असती. बरोबरी म्हणजे विजय नव्हे.

दुपारी चार. नियमांचा ईमेल पुन्हा उघडला. समसमान झाली तर दोन्ही नावं. बंद केला.

तरीही तत्त्व म्हणून मी बरोबर होतो.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
ब्रोनाने सभासदत्व सोडलं. हॉलची किल्ली आमच्या दारातून आत टाकली, सोबत बंब कसा पेटवायचा त्याचा कागद. ॲट्रॅक्टा आजींनीही सोडलं. बैठकीत ठराव: दोघींच्या सेवेबद्दल आभार. मी मांडला. वेळ बदलायचा ठराव रद्द. आता तशी गरज उरली नाही.

७ मार्च, गुरुवार
मुख्यालयाचा फॉर्म. उद्या महिला दिन, त्याआधी हवा. 'शाखेत महिला अधिकारी नेमला आहे का?' हो. 'महिला उमेदवार?' शून्य. 'कारण, थोडक्यात.'

तासभर बसलो. एक खरं वाक्य लिहिलं. त्यात 'मी' हा शब्द होता. अहवालात व्यक्तिगत बाबी आणू नयेत, म्हणून खोडलं. नवीन कागद घेतला.

लिहिलं: 'बायका पुढे येत नाहीत.'

सही केली. चार घड्या घालून पाकिटात टाकला.