चार्जरचा लाल दिवा

मंगळवार, रातच्याला. मालवण जेट्टी.

आजबी बोट चालू झाली न्हाई. गिऱ्हाईक जाकीट घालून बसलेलं अन् बॅटरी ठार. मालक सगळ्यांसमोर म्हणले, "गंगाखेडला परत जायचंय का रे तुला?"

बोटीतल्या चार्जरची पीन रोज सांजच्याला मीच लावतो. लाल दिवा लागला का मगच जातो. सकाळपतुर बॅटरी भरून दिवा हिरवा व्हायला पायजे. पण रोज सकाळी लालच. का? वायरी बघितल्या, टर्मिनल घासले, सगळं बराबर. माझा शक शेजारच्या बोटीवरच्या दिनूवर. रातच्याला माझी पीन काढून स्वतःची लावत आसंल. मालकालाबी म्हणलं, आज चोर धरतोच.

म्हणून आज जाळ्याच्या ढिगामागं दबा धरून बसलो. दिनू सरळ घरी गेला. मग आला बाळ्या, माझा चुलतभाऊ. त्याला कामाला मीच आणलेलं. त्यानं जेट्टीवरचं आपल्या चार्जरचं बटन बंद केलं!

"काय करायलास रे?"

"आरं, लाईट जाऊन फुल होल्टेजनं आली म्हंजी? आपली हिरीवरची मोटार तशीच जळली न्हाई का? सकाळी तू यायच्या आदी लावतोय की परत."

म्हणून लाल! तेवढ्यात मालकाचा फोन, "सापडला का चोर?" खरं सांगावं तर बाळ्या उद्याच्या एसटीत. म्हणलं, "पीन ढिली होती मालक, आवळली." त्यांनी फोन ठिवला. पटलं का न्हाई, कळंना.

बाळ्याला समजावलं. त्यानं मान हलवली, पण जाताना बटनाकडं बघत बघत गेला.

आज मी बोटीतच झोपायलोय.