वहीचे सव्विसावे पान

मुक्काम धार,
आश्विन वद्य ८, शके १८३० (सन १९०८)

राजमान्य राजश्री मारुतराव गव्हाणे, मिस्त्री, देवास थोरली पाती, यांसी नीलकंठ त्र्यंबक गद्रे याचा नमस्कार.

येथे सर्व कुशल. तिकडचे कुशल विचारीत नाही, कारण तुमचा पुतण्या तुकोजी ते रोज न विचारता सांगतो. काकांनी नाल्यावरच्या पुलाची कमान बसवली, काकांनी टेकडीच्या पायऱ्या सरळ केल्या, काकांनी नुसत्या नजरेने भिंतीचा कल सांगितला. आमचे तीर्थरूप तात्या हल्ली फार कमी ऐकतात, पण तुमचे नाव कोणी घेतले की त्यांना बरोबर ऐकू येते. लगेच म्हणतात, "मारुतीची नजर! मांडूच्या महालात ओळंबा लावायच्या आधी भिंत झुकल्याचं सांगितलं होतं त्यानं." ही गोष्ट या घरात सोळा वर्षे चालू आहे. त्या दिवशी मीही तेथेच उभा होतो, हे तात्यांना आठवत नाही.

असो. पत्र दोन कारणांनी लिहीत आहे. आमच्या ओवरसियर वर्गातून यंदा दरबार एक विद्यार्थी इंजिनियरिंगच्या कॉलेजात पाठविणार आहे. एकच. नाव मी सुचवायचे. कार्तिकात लेव्हलची परीक्षा आहे, तीवर सर्व ठरेल. तुकोजी आहे, आमचे मेहुणे गोपाळराव आहेत, आणखी तिघे आहेत ते असून नसून सारखे.

दुसरे कारण म्हणजे तुकोजीचे तोंड. परवा मुलांना घेऊन किल्ल्यामागच्या शेतात गेलो होतो. तिवईवर लेव्हलची दुर्बीण कशी मांडायची, दूर धरलेल्या काठीवरचा आकडा वाचून वहीत कसा टिपायचा, त्यावरून जमिनीचा चढउतार कसा काढायचा, सगळे नीट समजावून सांगितले. दुर्बिणीच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला आणि मागे वळलो, तर हे महाराज म्हणतात, "मास्तरसाहेब, ही काळी मट्टी आहे. तिवई हळूहळू बसते. काका म्हणतात, मुरमावर मांडा." मी म्हटले, गप्प उभा राहा. थोड्या वेळाने पाहतो तो बुडबुडा सरकलेला! पोरे हसली. मागून एक जण म्हणाला, "भिया, तेरे काका कोच बुला ले!" ते आपण ऐकलेच नाही असे दाखवायला मला चांगला दोन मिनिटे खोकावे लागले.

तरी त्याला कृपा करून लिहावे की वर्गात मास्तर एकच असतो. तुम्ही कॉलेज अर्धवट सोडलेत ते तुमच्याच हयगयीने, हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही व बोलणारही नाही. एका खोलीत दोन वर्षे काढली, त्याची मला जाणीव आहे.

आजची डाक गेली. पत्र उद्या टाकतो.

कार्तिक शुद्ध ८

मारुतराव,

पत्र पडूनच राहिले. आधी दिवाळी, मग माझा आळस. आता वाटते, बरे झाले.

तुकोजी काल देवासहून परतला. पाया पडला, करंज्यांचा डबा पुढे केला. मग बोचक्यातून फडक्यात गुंडाळलेली एक वही काढून म्हणाला, "काकांनी वर्गाला दाखवायला दिलीय." मी पुठ्ठा ओळखला. कॉलेजातली तुमची लेव्हलची वही. कोपऱ्यावरचा तेलाचा डाग माझ्याच समईचा.

आज त्याने ती वर्गात उघडली. मी नको म्हणू शकलो नाही. काय कारण सांगणार होतो? पोरे भोवती गोळा झाली. तो म्हणाला, "ही पूर्ण वही बघा. जिथे चूक झाली तिथे काकांनी एकच रेघ मारलीय, खालचा आकडा वाचता येतो. वर बरोबर आकडा, बाजूला सही. रबर कुठेच नाही. आता हे सव्विसावं पान. इथं रबर चाललंय. उजेडासमोर धरा, कागद कसा फुललाय ते दिसेल. चार होता, त्याचा सात केलाय. सात किती जाड आहे पाहा, पेन्सिलच दुसरी."

गोपाळरावांनी विचारले, "कोणी केलं?"

"काका सांगत नाहीत. शिकाऊ पोरांना दर साली हे पान दाखवतात आणि म्हणतात, नाव घेऊन काय करायचंय, पान वाचायला शिका."

वही हातोहात फिरत माझ्याकडे आली. मीही उजेडासमोर धरली. मास्तर ना मी!

मारुती, आता 'तुम्ही' लिहिणे म्हणजे सोंग आहे. तुला ठाऊक आहे. चौदा वर्षे ठाऊक आहे.

तू नदीवर आंघोळीला गेला होतास. वही गादीवर होती. दिवसभर आकडे टिपून आणले होतेस, बेरजा-वजाबाक्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकवणाऱ्या साहेबापुढे बसून करायच्या होत्या. मी तुझे आकडे आधी फक्त माझ्याशी ताडून पाहिले, खरे सांगतो. माझा फेर जेथून निघाला तेथे परत आल्यावर उंचीचा हिशेब मिळत नव्हता. तुझा एका केसाचाही फरक न पडता मिळत होता. मग मी तात्यांनी घेऊन दिलेला विलायती रबर काढला.

का केले, हे तू कधी विचारले नाहीस. मी आपणहून सांगतो. खाणावळीत तुला पंगतीबाहेर बसवीत. पाणी वरून घालीत. मी तेथेच जेवत होतो आणि एक शब्द बोललो नाही. चित्रकामाची पेटी दोघांत एक होती, ती कमाविसदाराच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या, हातात आधी यायची आणि गवंड्याच्या मुलाला उजेड जाता जाता मिळायची. तरी साहेब तुझाच कागद भिंतीवर लावायचा. तुझे इंग्रजी कच्चे, म्हणून साहेब काय बोलला ते मी तुला मराठीत समजावून द्यायचो. आणि माझ्या तोंडून ऐकलेले तुला माझ्या आधी समजायचे! मी सांगत असायचो, तू मान हलवून पुढचा प्रश्न विचारायचास, आणि तो प्रश्न मला सुचलेलाच नसायचा. याच्यासारखा जळफळाट मी दुसऱ्या कशाने अनुभवला नाही. तुला सगळे उशिरा मिळत होते, थोडे मिळत होते, उरलेले मिळत होते, आणि तरी तू पुढे होतास. मग मी कोण होतो रे?

साहेबाने तुझी वही पाहून विचारले, फेर मिळत का नाही? तू पान पाहिलेस, मग माझ्याकडे पाहिलेस. "वही माझी, चूक माझी," एवढेच म्हणालास. दरबारने तुझी शिक्षणाची नेमणूक बंद केली आणि कॉलेज सुटले. तू बोलला असतास तरी गवंड्याच्या मुलाचे कोणी ऐकले नसते. हे मला रबर उचलताना पक्के माहीत होते. चोरीपेक्षा हे वाईट आहे, असे आज वाटते.

आणि तुला आणखी एक सांगू का? आज वर्गात मला लाज वाटली ती नंतर. आधी वाटला तो मत्सरच. माझ्या पापाचासुद्धा तू धडा केलास! दहा वर्षे मी खडू झिजवतो आहे, पण पोरे तोंडात बोट घालून पाहत राहतील असे एक पान मला दाखविता आले नाही. जे दाखविले गेले ते माझेच होते, आणि तेही तुझ्या वहीत.

आता पुरे.

कार्तिक वद्य ४

मारुती,

परीक्षा झाली. किल्ल्याच्या दरवाजापासून तलावाच्या पाळीवरून फिरून पुन्हा दरवाजापाशी, असा फेर दिला होता. तुकोजीचा फेर बरोबर मिळाला. वहीत चार ठिकाणी रेघा, चार ठिकाणी सह्या. गोपाळरावांची वही आरशासारखी स्वच्छ आणि फेर दोन दशांश फुटाने चुकलेला. अशी स्वच्छ वही कशी होते, हे मला कोणी शिकवायला नको.

दोन्ही वह्या दुपारभर माझ्या मेजावर होत्या. सासरची मंडळी ओसरीवर येऊन बसली होती. गोपाळराव दोनदा "भावोजी, पाणी आणू का?" म्हणून आत डोकावून गेले. तुकोजीच्या वहीत बाराव्या ओळीला एक चार आहे, सुबक, अगदी तुझ्या वळणाचा. मी मेजाचा खण उघडला. तो विलायती रबर अजून आहे माझ्याजवळ, झिजून सुपारीएवढा झाला आहे. हातात घेतला. खोटे कशाला सांगू, बराच वेळ हातात होता. त्या मुलावर माझा राग नाही. पण तो बोलतो तुझ्यासारखा, उभा राहतो तुझ्यासारखा, आणि तीन वर्षांनी तो इंजिनियर होऊन येईल आणि तात्या ओसरीवरून विचारतील, "मारुतीचा पुतण्या ना?"

मग रबर घेऊन बाहेर आलो आणि ओसरीवर सगळ्यांच्या देखत शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकला. सासूबाई म्हणाल्या, "काय हो घाण वास!" खरेच फार घाण वास येतो.

दरबारात तुकोजीचे नाव दिले आहे. सोबत एक कागद जोडला आहे, त्यात तुझ्या वहीचे काय झाले ते माझ्या नावानिशी लिहिले आहे. मास्तरकी बहुधा जाईल. गेली तर लेव्हल शिकवायला तुलाच बोलावतील, आणि पोरे नाचतील. हे लिहितानासुद्धा पोटात दुखते आहे, मारुती. मला वाटले होते, खरे सांगितले की हे दुखणे जाईल. गेले नाही. तू मला क्षमा केलीस तर तेवढ्यानेही तू पुन्हा मोठा होशील, आणि ते मला सहन होईल की नाही, मला माहीत नाही. तेव्हा करायची तर सावकाश कर.

घरात अबोला आहे. तात्यांना मी कानाशी वाकून सगळे सांगितले. मोठ्याने सांगावे लागले, शेजाऱ्यांनीही ऐकले असेल. ते म्हणाले, "भिंत झुकलेली होती म्हणजे. मला नाही दिसली." आणि माझा हात धरून बसून राहिले. त्या हातासाठी मी तुझा किती हेवा केला, ते त्यांना कुठे ठाऊक!

आता या पत्राविषयी. पहिले पान फाडून नवे लिहावे असे दहादा मनात आले. पण तूच शिकवलेस की वहीचे पान फाडायचे नसते, म्हणून सगळे आहे तसेच पाठवीत आहे. पहिल्या पानावर 'तुम्ही कॉलेज अर्धवट सोडलेत ते तुमच्याच हयगयीने' असे वाक्य सापडेल. त्यावर एक रेघ मारली आहे. खालची अक्षरे वाचता येतात, ती वाच. वर लिहिले आहे, 'नीलकंठाने चाराचा सात केला म्हणून.' बाजूला सही केली आहे.

तुझी वही तुकोजीबरोबर परत येईल. तीत तुला न विचारता एक काम केले आहे, आज, भर वर्गात, सगळ्या पोरांसमोर. सव्विसाव्या पानावरच्या नवव्या ओळीतल्या सातावर रेघ मारली, वर चार लिहिला आणि बाजूला सही केली. गोपाळराव उठून निघून गेले. तुकोजी पुढे आला, पान उजेडासमोर धरले, बाजूची सही वाचली आणि पुन्हा वाचली. मग वही मिटून दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि मला विचारले, "मास्तरसाहेब, पुढचा फेर मुरमावरून घ्यायचा ना?" मी हो म्हटले.

पुढच्या साली पोरे विचारतील, कोणी केले, तेव्हा तुला गप्प राहावे लागणार नाही. पानच सांगेल.

'तुझा' असे लिहायला हात धजत नाही, म्हणून वहीत केली तीच सही येथे करतो,

नीलकंठ त्र्यंबक गद्रे
पान सव्वीस, ओळ नववी