भाऊजींच्या गाडीचा डावा दरवाजा

दर्यापूर,
वैशाखातला सोमवार (तारीख कॅलेंडरवर आहे, आणि कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्यानं उडून कपाटामागे गेलं आहे)

तीर्थस्वरूप भगवंत भाऊजी यांस,

तुम्हाला आणि माणिकबाईला धाकट्या गोपालचा वाकून नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन मानवलं आणि आता समोरच्या घराच्या गच्चीवरचे कपडे कोणाचे ते घरबसल्या ओळखू येतात, हे वाचून आनंद झाला. (माणिकबाईला तो झालेला नाही, हेही तिनं खाली दोन ओळींत कळवलं आहे.) अकोल्याचं ऊन यंदा जास्त, असं तुम्ही लिहिता. आमचं ऊन काही कमी नाही, पण पाहुण्यांना ते कळवू नये म्हणून लिहीत नाही. बाबांची तब्येत चांगली आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला भाकर चावता येते आणि सुनेवर रागावता येतं, याहून जास्त काय पाहिजे? ती सून, म्हणजे आमची रागिणी, तुम्हाला नमस्कार सांगते आहे, पण स्वयंपाकघरातून. गाडीच्या विषयावर मी काही लिहायला बसलो की ती उठून जाते.

फोन का केला नाही असं तुम्ही विचारणार नाही, याची मला खात्री आहे. उभी नोकरी पोस्टात काढलेल्या माणसाला फोनवरचं बोलणं हे बोलणं वाटत नाही. म्हणूनच तुमचं पत्र आलं, की पुढच्या आठवड्यात तुम्ही उभयता येणार, रोडगे खाणार आणि गाडी घेऊन सगळ्यांनी रिद्धपूरला दर्शनाला जायचं. त्या पत्रात तुम्ही ‘गाडीला भेटायला’ आधी लिहिलं आहे आणि ‘मामंजींना भेटायला’ नंतर. बाबांना वाचून दाखवताना तो क्रम मी बदलला. पण त्यामुळेच असं वाटलं, की त्या गाडीच्या डाव्या पुढच्या दरवाज्याचं काय झालं ते तुम्हाला फाटकात उभं राहून कळू नये, आधी बसून कळावं. तर बसा.

दिवाळीत तुम्ही गाडी आमच्या हवाली केली, तेव्हा चौदा वर्षांची असूनही तिच्या दरवाज्यांना आतून शोरूमचं प्लास्टिक तसंच होतं. ते मी काढलं. (इथे तुम्ही चष्मा काढून पुसाल. पुसा.) काढलं कारण आमच्याकडच्या उन्हात ते रागिणीच्या कोपराला चिकटायचं आणि मग मुक्कामाला पोचल्यावर रागिणी आणि गाडी वेगळ्या करायला वेळ लागायचा. प्लास्टिक निघालं आणि आतलं ते करड्या रंगाचं देखणं कापड दिसलं. चैत्रात त्याच कापडाचा वरचा कोपरा काचेजवळ सुटला. त्याच्या मागे पातळ फोम असतो. तो इतक्या वर्षांत भाजून पिवळी पूड झाला होता. बोट लावलं की बेसन सांडावं तशी मांडीवर. कापडाला धरायला मागे काही उरलंच नव्हतं, त्यात त्याचा दोष नाही.

पहिली दुरुस्ती मी स्वतः केली. चपला चिकटवायचं सोल्युशन आणलं, जुना फोम खरवडून काढला, दोन्ही बाजूंना ब्रश फिरवला. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की आधी दोन्ही बाजू हाताला कोरड्या लागेपर्यंत थांबा. मी थांबलो, पण माझ्या स्वभावानुसार थांबलो. शिवाय भरदुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये. मधे चिकटलं, कडेनं घसरलं आणि ठिकठिकाणी कुरडईसारखे फुगे आले. तेवढ्यात रागिणी जेवायला बोलवायला आली आणि काय चाललंय ते पाहायला दरवाज्याला टेकली. तिचा पदर तिथंच राहिला. लुगडं फाडायचं नाही, या एका अटीवर ती उभी राहिली आणि मी रॉकेलचा बोळा फिरवत राहिलो. लग्नानंतर आम्ही दोघं एका जागी इतका वेळ बोललो नव्हतो. (काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही, बोलणं बरंचसं एकाच बाजूनं होतं.) पदर सुटला. रॉकेलचा वास मात्र पुढे बरेच दिवस गाडीत राहिला आणि पेट्रोलपंपावरचा माणूस आमच्याकडे संशयानं पाहू लागला.

मग मी शहाण्यासारखा अमरावतीला गेलो. तिथं बडनेरा रस्त्याला अंकुर म्हणून एक सीटकव्हरवाला आहे, हाताचा सफाईदार, बोलण्याचा त्याहून. त्यानं दरवाज्याचं आतलं सबंध पॅड खोलून काढलं, माझं काम पाहून जरा वेळ दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला, आणि मग नवा फोम, नवं रेक्झीन, कडा दुमडून असं बसवून दिलं की तुम्ही पाहिलं असतं तर मला माफ केलं असतं. घरी आलो. बाबांनी त्यावर हात फिरवला आणि चांगलं झालं म्हणाले. आठवडा गेला नाही तोच कोपरा उघडा. परत अमरावती. त्यानं परत बसवलं, परत तेच. तिसऱ्या वेळी मी जरा आवाज चढवला, तेव्हा त्यानं कोपऱ्यावर बॅटरी मारली आणि अगदी शांतपणे म्हणाला, “काका, हे सुटलं नाई. हे सोललं हाय कोनं तरी. गाडीत बकरी बांधता का तुमी?”

आता आमच्याकडे बकरी नाही. उंदीर म्हणावं तर उंदीर कडेकडेनं इतकं सरळ कुरतडत नाही. मी रागिणीवर संशय घेतला (एकदाच), आणि त्या दिवशी ताकाशिवाय जेवलो. मग एका दुपारी फावडं आणायला शेडमध्ये गेलो, तर गाडीत पुढच्या सीटवर बाबा. ते दुपारी तिथं बसतात हे मला माहीत होतं. शेडमध्ये सावली असते, काच खाली केली की रस्ता दिसतो आणि कोणी उठा म्हणत नाही. पण त्यांचा डावा हात दरवाज्यावर होता आणि अंगठ्याच्या नखानं रेक्झीनची कड सावकाश, फार मन लावून निघत होती.

“बाबा, काय करून राहिले तुमी हे?”

“सुटलं व्हतं. काढून टाकतो.”

“सुटलं नव्हतं. परवाच चिकटवून आनलं ना अमरावतीहून.”

“मंग त्यानं बराबर चिकटवलं नाई,” बाबा म्हणाले, आणि हात थांबला नाही.

मला राग आला होता, भाऊजी. तीन चकरा, अंकुरशी भांडण, ताकाचं दुःख, सगळं एकदम तोंडाशी आलं. काहीतरी कडक बोलावं म्हणून मी मागचं दार उघडून आत बसलो. तिथून मला त्यांचा उजवा हात दिसला. तो मांडीवर उताणा पडलेला होता, आणि त्याचा अंगठा तळव्यावर गोल गोल फिरत होता. तळव्यात काहीही नव्हतं.

पौषात अमरावतीच्या डॉक्टरनं त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा पाहिला आणि तंबाखू आजच्या आज बंद असं सांगितलं, हे तुम्हाला कळवलंच होतं. बाबांनी त्याच संध्याकाळी डबी रागिणीच्या हातात दिली. आम्ही दोन दिवस कौतुक केलं आणि मग आपापल्या कामाला लागलो. म्हातारा माणूस पोरसवदा असल्यापासूनची गोष्ट एका दिवसात सोडतो आणि नंतर ब्र काढत नाही, म्हणजे त्याला जड गेलं नसणार, असं आम्ही धरून चाललो. तेव्हापासून ते पारावर जायचे बंद झाले, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. पारावर प्रत्येकाचा तळवा चालू असतो ना.

मी जे बोलायचं ठरवलं होतं ते राहिलं. एवढंच विचारलं, की आठवण येते का.

बाबा रस्त्याकडे पाहत म्हणाले, “तोंडाले समजते रे. बोटायले समजत नाई.”

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, ते पुढे, मी मागे, जसे कुठे निघालोच होतो.

रागिणीला सांगितलं, तर तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, मले कामाले लावून राहिली काय. टोपलं परत आलं. गाडीचं रेक्झीन हे काम नाही, ती त्यांची स्वतःची गोष्ट आहे, असं दिसतं. तेव्हा मी पुन्हा अंकुरकडे गेलो आणि म्हणालो, अरे, या वेळी असं चिकटव की लवकर निघालं पाहिजे. तो माझ्याकडे पाहतच राहिला. कच्चं काम करणारे त्यानं पाहिले होते, कच्चं काम मागणारं गिऱ्हाईक पहिलंच. मी सगळं सांगितलं. तरी तो म्हणाला, “माह्या हातानं थे होनार नाई, काका. माह्या दुकानाची पाटी हाय वर.” शेवटी रेक्झीनचे उरलेले तुकडे त्यानं गठ्ठा बांधून दिले. आता रागिणी कणकेची खळ शिजवते, मी दर सोमवारी डाव्या दरवाज्याला नवा तुकडा लावतो, आणि बाबा तो शनिवारपर्यंत पुरवून काढतात. गेल्या वेळी खळ पातळ झाली, तुकडा मंगळवारीच उतरला, तर बाबा संध्याकाळी रागिणीला म्हणाले की घरात कणिक संपली असेल तर सांगत जा.

मागच्या आठवड्यात डॉक्टरला दाखवून आणलं. चट्टा पुष्कळ कमी झाला आहे. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, कसं काय सोडवलंत? मी म्हणालो, गाडीनं. त्याला वाटलं, मी गाडीनं आणून सोडलं असं म्हणतोय.

तेव्हा तुमच्या गाडीचे तीन दरवाजे जसेच्या तसे आहेत आणि चौथा कामावर आहे. रोडग्यांसाठी गोवऱ्या थापून वाळल्या आहेत, वांगी सांगून ठेवली आहेत. माणिकबाईला म्हणावं, येताना लोणचं आणू नको, इथलं संपलेलं नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना माझ्याकडून काही खाऊ घाला.

तुमचा,
गोपाल

ता. क. गाडी पाहाल तेव्हा उजव्या बाजूनं या आणि मागे बसा. डावा दरवाजा दिसलाच तर ‘वा’ म्हणा. दुसरं काही सुचलं तरी ‘वा’च म्हणा.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे एवढं सगळं लिहिलं ते दरवाज्यासाठी नाही. भाऊजी, जेवण झाल्यावर तुम्ही तुमची डबी काढता, चुना लावून मळता, थापटता आणि अर्धी चिमूट मामंजींपुढे धरता. इतक्या वर्षांचा मान आहे तो, मला ठाऊक आहे. त्यांना तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. जावयाला ते कधीच नाही म्हणाले नाहीत. तेव्हा डबी अकोल्यालाच ठेवून या. हे मी लहान असून सांगतो आहे, रागावू नका. रागवायचंच असेल तर रोडगे झाल्यावर रागवा.

आणखी एक. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात बाबा आले आणि कोणाले लिवून राहिला म्हणाले. डबीचं शेवटचं तेवढं वाचून दाखवलं. मग म्हणाले, “लिव जवायाले, मांगच्या दरवाज्याचं कापड लय मजबूत हाय, अजून कोनं हात लावला नाई. येतानी नखं वाढवून ये म्हना.”